कायोटी-शिकारीची रायफल

कायोटी-शिकारीची रायफल : उत्तर अमेरिकेतील कायोटी (कॅनिस लॅट्रान्स) या श्वानकुलातील मांसाहारी प्राण्याच्या शिकारीसाठी निवडण्यात येणारी व गरजेनुसार फेरबदल करून घेतलेली, लहान अंतर्व्यासाची व अतिवेगवान गोळी फेकणारी रायफल. अशी रायफल हा बंदुकीचा एखादा ठराविक प्रकार नव्हे. पशुपालन, फरचा व्यापार, लष्करी संशोधन आणि हौशी नेमबाजांचे प्रयोग यांच्या परस्परसंबंधांतून सु. १९०० ते १९७० या काळात ती घडत गेली. तिच्या इतिहासात अमेरिकी पश्चिमेकडील मानव व वन्यप्राणी यांच्या संघर्षाचा इतिहासही सामावलेला आहे.

पार्श्वभूमी : कायोटी हा आकाराने लांडग्याहून लहान व सामान्यतः ९ ते १८ किग्रॅ. वजनाचा प्राणी असून ‘कायोट्ल’ या नाहुआट्ल भाषेतील शब्दावरून त्याचे नाव आले आहे. १८०४ मध्ये ल्यूइस व क्लार्क यांच्या मोहिमेत त्याची नोंद ‘माळावरचा लांडगा’ अशी झाली. टॉमस से या निसर्गवैज्ञानिकाने १८२३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मैदानी प्रदेशांतील बायसनांचे कळप नष्ट झाले आणि त्यांच्या जागी गाई व मेंढ्या आल्या. लांडग्यांचे उच्चाटन झाल्यावर मेंढपाळांचा रोष मुख्यतः कायोटीवर वळला. १९१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हिंस्र प्राण्यांच्या नियंत्रणासाठी जीववैज्ञानिक सर्वेक्षण विभागास १,२५,००० डॉलर मंजूर केले आणि १९३१ च्या कायद्याने या कार्यास कायम स्वरूप दिले. स्ट्रिक्नीन, सापळे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ‘१०८०’ हे रसायन ही सरकारी यंत्रणेची प्रमुख साधने होती. खाजगी शिकाऱ्याचे व पशुपालकाचे साधन मात्र रायफल हेच राहिले.

काडतुसांचा विकास : बायसनांच्या शिकारीतील शार्प्स रायफलींची गोळी जड व मंदगती असे. तिचा मार्ग बराच वक्र असल्याने अंतराचा अंदाज थोडा जरी चुकला, तरी कायोटीसारखे लहान लक्ष्य हुकत असे. विंचेस्टरच्या तरफेच्या रायफली चपळ होत्या परंतु त्यांचा पल्ला मर्यादित होता. धूरविरहित दारूचा प्रसार झाल्यावर ही अडचण दूर होऊ लागली. १९१५ मध्ये सॅव्हेज कंपनीने चार्ल्स न्यूटनने आखलेले ‘·२५०-३०००’ हे काडतूस बाजारात आणले. गोळीचा वेग सेकंदास ३,००० फूट (सु. ९१४ मी.) हे त्याचे वैशिष्ट्य नावातच नमूद होते.

१९२० नंतर स्प्रिंगफील्ड येथील शस्त्रागाराशी संबंधित टाउनसेंड व्हीलेन, ग्रोव्हनर वॉटकिन्स इत्यादींनी जुन्या ·२२ विंचेस्टर काडतुसावर प्रयोग केले. त्यांतून ‘·२२ हॉर्नेट’ निर्माण झाले व १९३० मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. १९३५ मध्ये आलेल्या ‘·२२० स्विफ्ट’ची ४८ ग्रेनची (सु. ३·१ ग्रॅ.) गोळी नळीतून सेकंदास सु. १,२५० मी. वेगाने बाहेर पडे. एवढ्या वेगामुळे मार्ग जवळजवळ सरळ राही परंतु नळीचा अंतर्भाग लवकर झिजे.

याच काळात कारखान्यात न बनणारी, हौशी कारागिरांनी घडविलेली ‘वाइल्डकॅट’ काडतुसे पुढे आली. मोठ्या पुंगळीची मान आवळून तीत लहान गोळी बसविणे ही त्यांची सर्वसाधारण रीत होय. ‘·२५०-३०००’ची मान आवळून तयार झालेल्या अशा एका काडतुसास जेरी गेबी याने १९३७ मध्ये ‘व्हार्मिंटर’ (उपद्रवी प्राण्यांचा नाशक) असे व्यापारी नाव घेतले. तीस वर्षे वाइल्डकॅट राहिलेल्या या वर्गातील ‘·२२-२५०’ला १९६५ मध्ये रेमिंग्टन कंपनीने प्रमाणित रूप दिले. त्यापूर्वी १९५० मध्ये माइक वॉकर याने आखलेले ‘·२२२ रेमिंग्टन’ अचूकतेसाठी नावाजले होते. त्याच्या लांब पुंगळीपासून लष्करी ५·५६ मिमी. काडतूस सिद्ध झाले आणि त्याचे नागरी रूप ‘·२२३ रेमिंग्टन’ १९६४ मध्ये उपलब्ध झाले. १९५५ मधील ‘·२४३ विंचेस्टर’ हे कायोटी व हरिण या दोहोंसाठी उपयोगी पडले.

निवडीची तत्त्वे : कायोटीच्या देहातील मर्मभाग जेमतेम १२ ते १५ सेंमी. रुंद असतो. त्यामुळे गोळीचा मार्ग सपाट असणे ही पहिली गरज ठरते. ‘·२२-२५०’ची ५५ ग्रेनची गोळी सेकंदास सु. १,१२० मी. वेगाने निघते. तिचा नेम २०० यार्डांवर (१८३ मी.) साधल्यास गोळी त्याआधी नेमरेषेच्या वर सु. ४ सेंमी.पेक्षा फारशी जात नाही आणि ३०० यार्डांवर (२७४ मी.) १५ ते २० सेंमी. खाली उतरते. त्यामुळे सु. २०० यार्डांपर्यंत अंतर मोजण्याची गरज शिकाऱ्यास सहसा भासत नाही. दुसरा विचार वाऱ्याचा होय. हलकी गोळी आडव्या वाऱ्याने लवकर ढळते, म्हणून मोकळ्या माळावर ‘·२४३’सारख्या जड गोळीस पसंती मिळते. तिसरा विचार कातड्याचा. १९७०–८० या दशकात लांब केसांच्या फरला मोठी मागणी आल्यावर कायोटीच्या कातड्याचे भाव वाढले. ज्याचा उदरनिर्वाह कातड्यावर होता, त्याला मोठी जखम परवडत नसे. १९७१ मध्ये आलेल्या ‘·१७ रेमिंग्टन’ची अत्यंत लहान गोळी देहात शिरून तेथेच फुटे व बहुधा बाहेर पडत नसे. मेंढपाळाला मात्र कातड्याचे महत्त्व नसल्याने तो अधिक प्रभावी काडतूस घेई. अशा रीतीने एकाच प्राण्यासाठी दोन भिन्न गरजांच्या रायफली प्रचारात आल्या.

फेरबदल : पहिल्या महायुद्धानंतर लष्करी स्प्रिंगफील्ड व मौझर रायफलींना शिकारी रूप देण्याची प्रथा रूढ झाली. जाड लष्करी दस्ता काढून अक्रोडाच्या लाकडाचा हलका दस्ता बसविणे, नवी नळी जोडणे आणि दुर्बिणीस अडणारी खिट्टीची मूठ वाकविणे ही त्यातील मुख्य कामे होत. न्यूयॉर्क येथील ग्रिफिन अँड हाउ (स्थापना १९२३) ही पेढी अशा कामासाठी प्रसिद्ध झाली, तथापि बहुसंख्य रूपांतरे गावोगावच्या बंदूक-कारागिरांनीच केली. १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्याने परदेशी लष्करी बंदुकांच्या आयातीवर बंदी आली व स्वस्त कच्चा माल दुर्मिळ झाला. विंचेस्टर ‘७०’ (१९३६) व रेमिंग्टन ‘७००’ (१९६२) या तयार रायफलींनी ती जागा घेतली.

नळीतील आट्यांचा पीळ हा रूपांतरातील महत्त्वाचा घटक होय. लांब गोळी स्थिर राहण्यास अधिक घट्ट पीळ लागतो. ‘·२२३’च्या हलक्या गोळीस ३०·५ सेंमी.मध्ये एक फेरा पुरतो, तर जड गोळीस १८ ते २० सेंमी.मध्ये एक फेरा आवश्यक असतो. जाड नळी लवकर तापत नाही परंतु दिवसभर पायी हिंडणाऱ्यास तिचे ओझे होते. लाकूड ओलाव्याने फुगते व नळीवर दाब देऊन नेम ढळविते. यावर उपाय म्हणून नळी दस्त्यापासून किंचित अलग ठेवणे आणि यंत्रभागाखाली काचतंतुमिश्रित राळेची बैठक करणे या पद्धती आल्या. पुढे दस्तेच काचतंतूंचे होऊ लागले. चापावरील दाब साधारणपणे १ ते १·५ किग्रॅ. ठेवतात. तो त्याहून फार कमी केल्यास, गारठलेल्या बोटांनी अवेळी बार उडण्याचा धोका असतो. विल्यम वीव्हरने १९३० मध्ये स्वस्त दुर्बीण उपलब्ध केल्यापासून साध्या माशीने नेम धरण्याची पद्धत या शिकारीत मागे पडली.

परिणाम व निर्बंध : रायफल अचूक झाली तरी तिच्यामागील मूळ उद्देश सफल झाला नाही. गाय कॉनोली व विल्यम लाँगहर्स्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार दरवर्षी सु. ७० टक्के कायोटी मारले, तरीही त्यांची संख्या टिकून राहू शकते. संख्या घटली की उरलेल्या माद्यांना अधिक पिले होतात व अधिक माद्या वितात, हे त्याचे कारण होय. वस्तुतः शतकभराच्या संहारानंतर कायोटी पूर्व किनाऱ्यापर्यंत, मोठ्या शहरांत व दक्षिणेस पनामापर्यंत पसरला. याउलट अमेरिकेतील मेंढ्यांची संख्या १९४२ मधील सु. ५·६ कोटींवरून आता सु. ५० लाखांवर आली आहे. या ऱ्हासास कायोटीपेक्षा कृत्रिम धागे, मजुरांची टंचाई व मांसाची घटलेली मागणी ही कारणे अधिक जबाबदार मानली जातात. तथापि ज्या मेंढपाळाच्या कळपात एका रात्रीत अनेक कोकरे मारली जातात, त्याच्या दृष्टीने हे नुकसान खरेच असते. विशिष्ट उपद्रवी प्राणी टिपण्याचे साधन म्हणून रायफल विषापेक्षा निश्चितच विवेकी ठरते, कारण विषाने गरुड, कुत्रे व इतर निरुपद्रवी प्राणीही मरतात. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी संघराज्याच्या जमिनींवरील अशा विषप्रयोगांवर बंदी घातली, ती पुढे काही अंशी शिथिल झाली.

बक्षिसांसाठी होणाऱ्या कायोटी-शिकारीच्या स्पर्धांवर कॅलिफोर्निया (२०१४), व्हर्माँट (२०१८), न्यू मेक्सिको (२०१९) इ. राज्यांनी बंदी घातली आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळ्यांना मनाई असून त्यामुळे तांब्याच्या गोळ्यांचा वापर वाढला. तांबे शिशाहून हलके असल्याने त्याच वजनाची गोळी अधिक लांब होते व तिला अधिक घट्ट पिळाची नळी लागते. अशा प्रकारे पर्यावरणविषयक कायद्याचा परिणामही अखेरीस रायफलीच्या रचनेवर झालेला दिसतो.