स्वर्गाचे आमिष?

चिकोडी-निपाणीकडे नीतीची चर्चा निघाली की एक मत हटकून ऐकू येते: ख्रिस्ती नीती म्हणजे उधारीचा सौदा, इथे सोसा आणि वर गेल्यावर वसूल करा. आरोप दोन आहेत, दुःखाची हौस आणि स्वर्गाचे आमिष.

पहिला आरोप निदान या मुलखाने करू नये. भोजचे जैन आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे देहत्यागापर्यंतचे उपवासाचे व्रत, घेतली. तिला इथे कोणी दुःखाची हौस म्हणत नाही. दोन्ही मार्ग वेगळे, हे मान्य. पण मग क्रूसालाच तो ठपका का?

दुसरा आरोप वजनदार आहे. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्विनस यांनी 'सुम्मा' या ग्रंथातल्या नीतिविचाराची सुरुवात माणसाचे अंतिम सुख कशात, या प्रश्नाने केली. सद्गुण त्यानंतर आणि आज्ञा-कायदे त्याहून पुढे. त्यांच्या लेखी ते सुख म्हणजे देवाचे दर्शन आणि प्रीती म्हणजे देवाशी मैत्री. मैत्रीचे फळ मैत्रीबाहेर कुठे असते? कान तयार नसलेल्याला मिरजेचा उत्तम तंबोरा बक्षीस दिला, तर तो भिंतीलाच टेकून राहणार. सद्गुण म्हणजे तो कान तयार करणे. नुसत्या बक्षिसासाठी आलेल्याला जे भोगताच येत नाही, त्याला लाच कसे म्हणायचे?

तो कान इथेच तयार होतो. चिकोडी रोडहून गाडीने मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात जाणे इकडच्या माणसांना नवे नाही. विल्यम वॉन्लेस यांनी ते १८९४ साली उभारले. कुठल्याही वॉर्डात नवी सिस्टर चिघळलेली जखम धुताना श्वास रोखते, मान वळवते; मुरलेली सिस्टर चिकटलेली पट्टी भिजवत भिजवत घरची चौकशी करते. कर्तव्य दोघींनीही केले, पण अ‍ॅरिस्टॉटल सद्गुणी म्हणेल ते दुसरीला, कारण तिला ते ओझे वाटत नाही. तिचे सुख स्वर्गापर्यंत थांबलेले नाही.

खाटेवर तळमळणाऱ्याला मात्र 'तू सद्गुणी, म्हणजे सुखीच' असे सांगणे प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञांना जमले. संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर'च्या एकोणिसाव्या भागात त्यांना चांगलेच फैलावर घेतले. इथले सुख अपुरे आहे असे कबूल करणारी नीती रोग्याशी निदान खोटे बोलत नाही.

निपाणीच्या विडी कामगार बाईला सोशिकपणा शिकवणाऱ्या प्रवचनाची वकिली मी करणार नाही. अक्विनसही करणार नाहीत. त्यांनी सहनशीलता धैर्याच्या पोटात घातली आणि न्यायावाचून कोणताच सद्गुण पुरा होत नाही असे मांडले. तेव्हा त्या प्रवचनाला पहिल्या रांगेत बसवायचा तो चांगल्या विड्याही 'छाट' म्हणून बाजूला काढून मजुरी कापणारा मालक.