मेपेक्षा जुलै जड

मे महिन्यात धुळ्या-जळगावला दुपारी पारा ४० अंशांवर जातो. घरोघरी कूलर चालतात आणि त्यांच्या ओल्या पडद्यांतून बऱ्यापैकी गार वारा येतो. जुलैत पारा २८ पर्यंत उतरलेला असतो, पण तोच कूलर लावला की अंग चिकचिकते. मग बाहेरची हवा गार करण्याचे काम यंत्राला जास्त जड केव्हा जाईल? मेमध्ये की जुलैत? बहुतेक विद्यार्थी ‘मेमध्ये’ असे सांगतील. उत्तर देण्यापूर्वी आपण थोडे मागे जाऊ.

१९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथल्या एका छापखान्यापुढे अडचण होती. तेथे रंगीत चित्रे एकेक रंग देत छापली जात. दमट हवेत कागद किंचित फुगे, कोरड्या हवेत आकसे आणि पुढचा रंग आधीच्या रंगावर नेमका बसत नसे. हे काम विलिस कॅरियर या २५ वर्षांच्या अभियंत्याकडे आले. त्याला माणसांना गारवा द्यायचा नव्हता, हवेतला ओलावा आवरायचा होता.

थंड पाण्याच्या तांब्याबाहेर पाणी जमते, हे आपण रोज पाहतो. हवा ज्या तापमानाला बाष्पाने संपृक्त होते त्याला दवबिंदू म्हणतात. तांब्याचा पृष्ठभाग त्याहून थंड असला की बाष्पाचे पाणी होते. कॅरियरने हाच तांब्या नळ्यांच्या वेटोळ्याच्या, म्हणजे कॉइलच्या रूपात वापरला. हवा तापवण्याच्या नळ्यांतून त्याने वाफेऐवजी थंड पाणी सोडले. हवामान खात्याची दवबिंदूंची कोष्टके घेऊन नळ्या किती थंड हव्यात, किती हव्यात आणि त्यांवरून हवा किती वेगाने जावी, याचा हिशेब मांडला. १९११ साली त्याने आर्द्रतेच्या गणिताची सूत्रे अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे ठेवली. कॉइलचा आकार ठरवताना आजही याच मार्गाने जावे लागते.

आता आपला प्रश्न सोडवू. मेमधली हवा ४० अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के धरू. अशा एक किलो हवेत सुमारे ९ ग्रॅम बाष्प असते आणि तिचा दवबिंदू सुमारे १३ अंश येतो. ही हवा १३ अंशांपर्यंत गार करायला सुमारे २७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पाणी जवळजवळ गळतच नाही.

जुलैतली हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के धरू. तिच्यात किलोमागे सुमारे २० ग्रॅम बाष्प असते. १३ अंशांपर्यंत यायला १५ किलोज्यूल पुरतात, पण वाटेत ११ ग्रॅम बाष्पाचे पाणी होते. त्याची अप्रकट उष्णता आणखी २७ किलोज्यूल भरते. एकूण ४२! छपरातून व भिंतींतून येणारी उष्णता मेमध्ये अर्थातच जास्त असते. पण बाहेरून घेतलेल्या हवेपुरते पाहिले तर जुलैच जड. केवळ पारा पाहून कॉइल निवडली तर पावसाळ्यात ती अपुरी पडते. उलट, यंत्र फारच मोठे घेतले तर खोली चटकन गार होऊन ते बंद पडते, ओलावा मात्र तसाच राहतो.

काही ठिकाणी ओलावा काढायचा नसतो, राखायचा असतो. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दच १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन अभियंत्याने कापडगिरण्यांसाठी वापरला. तेथे हवेला ओलावा द्यायचा होता. योगायोग असा, की त्याच वर्षी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव, धुळे, अमळनेर ही या भागातली गिरण्यांची गावे. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून गिरणीत हवा दमट ठेवावी लागते. सुताला मानवणारी हवा कामगाराच्या अंगाला मात्र मानवत नाही, कारण घाम वाळत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कृत्रिम आर्द्रतेसाठी वेगळे कलम होते, ते यामुळेच.

केळी पिकवण्याच्या खोलीतही असेच आहे. तेथे साधारण १७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता ठेवली, तर दवबिंदू १५ अंशांच्या आसपास येतो. लहान कॉइल घेतली तर तेवढीच उष्णता काढायला ती फार थंड ठेवावी लागते. मग ती हवेतले पाणी ओढते, कोरडी झालेली हवा केळ्यांतले पाणी ओढते आणि केळ्यांचे वजन घटते. मोठ्या पृष्ठभागाची कॉइल थोडीशीच थंड ठेवून भागते आणि पाणी हवेतच राहते. नळातून गळणाऱ्या पाण्याबरोबर येथे बागाइतदाराचे आणि व्यापाऱ्याचे पैसेही गळतात.

हे सारे वर्गात तपासता येते. दोन साधे तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि दोन्हींना पंख्याचा वारा द्या. वर धरलेल्या हवेत ओला तापमापक मेमध्ये सुमारे २२ अंश दाखवील, जुलैत सुमारे २६. कोरडा पारा १२ अंशांनी उतरलेला असताना ओला पारा चढलेला दिसेल. आपल्या गावच्या नोंदी दोन्ही महिन्यांत घ्या आणि विद्यार्थ्यांना पुन्हा विचारा: काम जड केव्हा?