तिकीटबारीवरचा सिंहगड

चित्रपट किती चालला हे आपल्याकडे पूर्वी आठवड्यांत सांगत. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. आता तोच हिशेब कोटींत होतो, आणि तोही पहिल्या तीन दिवसांचा. शुक्रवारी चित्रपट लागतो, सोमवारी पेपरात आकडा येतो. आकडा मोठा दिसला की चित्रपट चांगलाच असणार असे आपण धरून चालतो. वीरपुरुषांवरच्या चित्रपटमालिकांच्या बाबतीत तर हे हटकून घडते. अमेरिकेतले हे वीर कल्पनेतले असतात, मुखवटे घालून आभाळात उडणारे. आपले वीर इतिहासातले. त्यामुळे तिकडे चित्रपट फसला तर एक करमणूक फसते. इकडे मात्र पोरांच्या मनात जो इतिहास बसतो, तो पुष्कळदा पडद्यावरूनच आलेला असतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला हा प्रश्न परका नाही. गाव सिंदखेडराजा तालुक्यातले, म्हणजे जिजाऊंच्या जन्मभूमीच्या पंचक्रोशीतले. शिवरायांवरचा चित्रपट लागला की या भागातली माणसे मुलाबाळांना घेऊन मोठ्या गावाची वाट धरतात. ही गर्दी खरी असते, तिच्यामागचे प्रेमही खरे असते. पण ते प्रेम चित्रपटाने मिळवलेले असते की घरून बरोबर आणलेले असते?

तानाजी मालुसऱ्यांचेच उदाहरण घेऊ. १९२३ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी 'सिंहगड' काढला. आधार हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीचा. रात्रीची दृश्ये घेण्यासाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला, आपल्या देशात ती नवलाईची गोष्ट होती. तरुण शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, त्यात शेलारमामा झाले होते. चित्रपट मुका, पण त्याने गर्दी खेचली. ती गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे चित्रपटसृष्टीत सांगितले जाते. खरे-खोटे काहीही असो, मुंबई इलाख्यात तो कर त्याच सुमारास आला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत राहिला.

आता गंमत पाहा. याच बाबूरावांनी दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. गावच्या सावकाराच्या कर्जात अडकून शेतकरी जमीन गमावतो आणि शहरात गिरणीची वाट धरतो. तो तरुण शेतकरी शांतारामांनीच रंगवला. आज भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण वास्तववादाची सुरुवात सांगताना या चित्रपटापाशी थांबतो. पण त्या काळच्या प्रेक्षकाने त्याच्याकडे पाठ फिरवली. ढाल-तलवारीचे आणि पुराणातले खेळ पाहायला सरावलेल्या माणसाला पडद्यावर आपलीच पडकी झोपडी नको होती. बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले. मात्र विषय त्यांच्या मनातून गेला नसावा, कारण १९३६ मध्ये त्यांनी तीच कथा पुन्हा बोलपट करून मांडली.

तोच दिग्दर्शक, तोच नट, कंपनीही तीच. दोन वर्षांत त्या कंपनीची कला उतरली असे कोणी म्हणणार नाही. फरक एवढाच की सिंहगडाची गोष्ट प्रेक्षक घरून पाठ करून आला होता आणि सावकाराची गोष्ट त्याला घरी विसरून यायची होती. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला या दोहोंपैकी जवळची कोणती, हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे गर्दी जमली की चित्रपट टाकाऊ, असे मात्र नव्हे. तसे म्हणणारे टीकाकार आपल्याकडे कमी नाहीत आणि त्यांचा मला कंटाळा आहे. १९३६ चा प्रभातचा 'संत तुकाराम' मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून अधिक चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरवही झाला. तुकोबा तर प्रेक्षकाला तानाजीइतकेच पाठ होते. पण दामले-फत्तेलाल यांनी त्या ओळखीवर समाधान मानले नाही. त्यांनी गौरीबाईंची जिजाई आणली, पोरांच्या पोटाची काळजी करणारी, देवळात जाऊन विठोबाशी भांडणारी. अभंग ऐकायला आलेल्या प्रेक्षकाला तिने संसाराचा हिशेब ऐकवला. शिवाय आठवडे मोजण्याच्या त्या पद्धतीत एक शहाणपण होते. तिसाव्या आठवड्याला जाहिरातीचा जोर कधीच ओसरलेला असतो. तेव्हा थिएटर भरते ते कोणीतरी शेजाऱ्याला "बघून ये" म्हटल्यामुळे. अर्थात त्यातही खोट होतीच. जत्रेतल्या तंबूत बसून खेळ पाहणारी खेडी मुंबई-पुण्याच्या त्या आठवड्यांत कधी धरलीच गेली नाहीत.

पहिल्या तीन दिवसांचा आकडा मात्र चित्रपट पाहण्याआधीच ठरलेला असतो. किती पडदे मिळाले, तिकीट केवढ्याचे, सुट्टी कोणती, यांचा तो आकडा. मालिका असेल तर त्यात आणखी एक गोष्ट मिळते, आधीच्या भागाची पत. 'अॅव्हेंजर्स : एंडगेम'ने २०१९ मध्ये जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले. त्यात दहा-अकरा वर्षांच्या वीस-एकवीस चित्रपटांची पुण्याई होती. त्याच मालिकेतला 'द मार्व्हल्स' २०२३ मध्ये जेमतेम २० कोटींच्या पुढे सरकला. त्यालाही आधीचेच भोवले, मधल्या काही भागांनी प्रेक्षकाला कंटाळवून ठेवले होते. दुकानाच्या नावावर माल खपतो, तसाच तो नावामुळे पडूनही राहतो.

आता पुन्हा सिंहगडावर येऊ. २०२० मध्ये ओम राऊत यांचा हिंदी 'तान्हाजी' आला. देशात अडीचशे कोटींहून अधिक कमाई झाली. २०२३ मध्ये, म्हणजे बाबूरावांच्या 'सिंहगड'ला बरोबर शंभर वर्षे होताना, दिग्पाल लांजेकर यांचा मराठी 'सुभेदार' आला. कमाईत तो 'तान्हाजी'च्या पासंगालाही पुरला नाही. पण हा दोन कलाकृतींमधला फरक म्हणायचा, की देशभरचे पडदे आणि महाराष्ट्रातले पडदे यांच्यातला? 'तान्हाजी'तला उदयभान मगर भाजून खातो. ते काम करणाऱ्या सैफ अली खान यांनीच पुढे मुलाखतीत, हा इतिहास आहे असे आपल्याला वाटत नाही, अशा अर्थाचे सांगून टाकले. राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपटाचा मान मिळाला, नायकाला अभिनयाचा मिळाला. सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र त्या वर्षी तमिळमधला 'सूरराई पोट्रू' ठरला. 'लोकप्रिय' आणि 'सर्वोत्कृष्ट' यांसाठी सरकारनेही दोन वेगळे पाट मांडले आहेत.

लांजेकरांच्या मालिकेचे, शिवराज अष्टकाचे, मला कौतुक वाटते ते तिच्या पहिल्या पुष्पासाठी. २०१८ च्या 'फर्जंद'ने कोंडाजी फर्जंद हे नाव घरोघरी नेले. साठ माणसांनिशी पन्हाळा घेणारा हा माणूस शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीपुरता असे. पुढे 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज' असे भाग आले. त्यात 'पावनखिंड' २०२२ मध्ये सर्वाधिक गाजला. पण लाल महाल, घोडखिंड, प्रतापगड या गोष्टी मराठी माणसाला पाळण्यापासून माहीत आहेत. तिथे चित्रपटाला सांगण्यासारखे थोडे आणि गाजवण्यासारखे फार उरते. शत्रू मूर्ख किंवा राक्षस केला की काम सोपे होते. मग २०२५ च्या 'छावा'सारखे होते. कमाईचे विक्रम झाले, आणि गणोजी-कान्होजींच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतल्यावर दिग्दर्शकांना दिलगिरीही व्यक्त करावी लागली.

तिकीटबारीची ही चाळणी काय गाळून टाकते, ते पाहायला साखरखेर्ड्याहून दूर जायला नको. ऑक्टोबर १७२४ मध्ये याच गावाजवळ निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. बादशहा मुहंमदशहाने दख्खनची सुभेदारी निजामाकडून काढून हैदराबादच्या मुबारिजखानाला देऊ केली होती. मुबारिजखान रणात पडला आणि दख्खन निजामाच्या हाती गेली. १९४८ पर्यंत टिकलेल्या हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया या शिवारात घातला गेला. मराठवाड्याची सव्वादोनशे वर्षे इथे ठरली म्हणा ना. पण या लढाईत पहिल्या बाजीरावाची मदत निजामाला होती, त्याच निजामाला, ज्याला चार वर्षांनी बाजीरावाने पालखेडला कोंडीत पकडले. कालचा मित्र उद्याचा शत्रू, आणि दोन्ही वेळी हिशेब राज्याचा. यात टाळी कुठे वाजवायची, हे प्रेक्षकाला समजणार नाही. म्हणून अशा लढाईवर कोणी कोटी लावत नाही. खरे तर बाजीरावाची बुद्धी किती लांबचे पाहत होती, हे इथे जितके दिसते तितके घोडदौडीच्या दृश्यात दिसत नाही.

विजयानंतर निजामाने गावाचे नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवले. जुन्या फारसी बखरकारांनी ते लिहून ठेवले आहे. गावाने मात्र ते घेतले नाही, लोक साखरखेर्डाच म्हणत राहिले.