धंदा मोठा कुणामुळे होतो?

धंद्याची गोष्ट आली की आपल्याकडे एकाच माणसाचा फोटो पुढे येतो. तो हुशार होता, जिद्दी होता, म्हणून मोठा झाला. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचा इतिहास वाचताना मला हे हिशेबात बसत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) चित्रकार व्हायला मुंबईला गेले. रंग नीट ओळखता येईनात, म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे तेच शिकवू लागले. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथं थोरले भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज. त्यामुळे नांगर खपवताना दमछाक झाली.

आता बघा, हुशारी, जिद्द, हातातलं कसब हे सगळं बेळगावातही होतंच. तरी कारखाना लहानच होता. बरं, तिथली जागाही सोडावी लागली.

१९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, कर्जही दिलं. म्हणजे जमीन, भांडवल आणि रेल्वे एकदम मिळाली. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळीच. लक्ष्मणरावांनी सगळं स्वतःच्या मुठीत ठेवलं नाही. वसाहतीचा कारभार रामूअण्णांकडे. मंगेशराव रेगे कारकून म्हणून लागले, हिशेब सांभाळत व्यवस्थापक झाले. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तिथंच कल्पक इंजिनियर झाले.

मालकाचा गुण म्हणायचा तर हा! दुसऱ्याच्या हातात काम देऊन शांत बसता येणं.

२०१५-१६ च्या सरकारी पाहणीत शेतीबाहेरच्या लहान धंद्यांपैकी सुमारे ८४ टक्के धंद्यांत कायमचा एकही पगारी माणूस नव्हता. यात बहुतेकांना पर्यायच नसतो, हे खरं. भांडवल नाही, जागा भाड्याची. त्यांना नुसतं ‘जिद्द ठेवा’ सांगणं ही थट्टाच. पण ज्यांना चार माणसं ठेवणं परवडतं, तेही गल्ल्याची चावी कुणाला देत नाहीत. दुकान मग मालकाच्या दोन हातांएवढंच राहतं.

म्हणून कर्जमेळाव्यात नेत्यांनी जिद्दीवर भाषण ठोकलं की विचारा : साहेब, जागा कुठं, भांडवल किती, माणसं शिकवायची सोय काय? आणि आपण मालक असलो तर एक प्रश्न स्वतःलाही : आपल्या दुकानातला रेगे कोण?