रिवॉर्ड पॉइंटांवर रिसॉर्ट-मुक्काम (जुन्नर व आंबेगाव परिसर)

हॉटेल-साखळ्या आणि बँका ग्राहकाच्या खर्चाच्या प्रमाणात त्याच्या खात्यावर पॉइंट जमा करतात. या पॉइंटांच्या बदल्यात आलिशान रिसॉर्टमधील खोली भाडे न देता, किंवा थोडेच भाडे देऊन, घेण्याची ही पद्धत आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत व त्यांच्या लगत शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर अशी गर्दी खेचणारी ठिकाणे आहेत. परंतु आंतरराष्ट्रीय साखळीचे, पॉइंटांवर खोली देणारे रिसॉर्ट तेथे नाही. त्यामुळे नारायणगाव, मंचर किंवा घोडेगावच्या कुटुंबाचे पॉइंट जमा होतात गावातल्या खरेदीवर आणि खर्ची पडतात गोव्यात, महाबळेश्वरात किंवा पुण्यात. या परिसरापुरता विषय समजून घेताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो.

या पद्धतीचे मूळ विमानकंपन्यांत आहे. अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये प्रवासाच्या मैलांवर मोफत तिकीट देणारी योजना सुरू केली. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल-साखळ्यांनी तीच कल्पना खोल्यांना लावली आणि १९८७ मध्ये हिल्टन त्यांना येऊन मिळाले. सुरुवातीला सणासुदीच्या तारखा मोफत खोल्यांसाठी बंद ठेवण्याची रीत होती. १९९९ मध्ये स्टारवुडने अशा बंद तारखा नसलेली योजना आणली, तेव्हा बाकीच्यांना आपले नियम सैल करावे लागले. २०१६ मध्ये मॅरियटने स्टारवुड विकत घेतली आणि दोन्ही योजना एकत्र होऊन २०१९ मध्ये ‘मॅरियट बॉनव्हॉय’ हे नाव पडले. भारतात ताज समूहाची ‘इनरसर्कल’ आणि आयटीसीची ‘क्लब आयटीसी’ या योजना जुन्या जाणत्या प्रवाशांच्या परिचयाच्या. ताजची योजना पुढे टाटा समूहाच्या ‘टाटा न्यू’ या ॲपशी जोडली गेली. हे ॲप एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाले. त्यातील एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, इतका तो हिशेब सरळ आहे.

पॉइंट मिळण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला प्रत्यक्ष मुक्कामाचा. हिंजवडी, चाकण किंवा मुंबईत नोकरी करणारी, कंपनीच्या कामासाठी फिरणारी पिढी हॉटेलात राहते. बिल कंपनी भरते आणि पॉइंट मात्र राहणाऱ्याच्या खात्यावर पडतात. अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या मुलामुलींच्या खात्यांवर असा साठा बराच होतो. बहुतेक योजनांत सदस्याला आपल्या पॉइंटांवर आईवडिलांच्या नावाने खोली आरक्षित करता येते. गावाकडच्या अनेक ज्येष्ठांचा आलिशान रिसॉर्टशी पहिला संबंध याच वाटेने येतो, आणि या पद्धतीचा हा सर्वांत चांगला उपयोग मानायला हरकत नाही.

दुसरा मार्ग क्रेडिट कार्डाचा. कार्डावरील खर्चातून बँकेचे पॉइंट जमतात आणि ते ठरावीक प्रमाणात हॉटेलच्या योजनेत वळवता येतात. हॉटेलच्या नावाचेच कार्ड असेल तर पॉइंट थेट त्या योजनेत पडतात. एचडीएफसी बँक आणि मॅरियट यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये असे कार्ड काढले. ३,००० रुपये अधिक कर इतके वार्षिक शुल्क आणि त्याबदल्यात १५,००० पॉइंटांपर्यंतच्या खोलीची एक मोफत रात्र, असा त्याचा मूळ व्यवहार. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले आणि ग्रामीण भागाच्या दृष्टीने हा बदल सर्वांत मोठा ठरला. कार्डाचे यंत्र नसलेल्या किराणा दुकानात किंवा औषधाच्या दुकानातही क्यूआर कोड असतो. त्यावर क्रेडिट कार्डाने पैसे दिले की, कार्डाच्या नियमांनुसार, पॉइंट किंवा न्यूकॉइन मिळतात.

शेतीच्या खर्चाचा मोठा भाग मात्र यातून निसटतो. डिझेलवर बहुतेक कार्डे पॉइंट देत नाहीत. मजुरी रोखीने जाते. सोसायटी आणि पतसंस्थांमार्फत होणारे व्यवहार या साखळीबाहेर राहतात. किसान क्रेडिट कार्ड हे पीककर्जाचे खाते आहे. नावात साम्य असले तरी या पॉइंटांशी त्याचा संबंध नाही. शिवाय शेतमालाचे पैसे हंगामात एकदम येतात आणि कार्डाचे बिल दर महिन्याला भरावे लागते. थकलेल्या बिलावर महिन्याला साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत व्याज लागते, तर खर्चावर मिळणाऱ्या पॉइंटांची किंमत सहसा एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून पूर्ण बिल वेळेवर भरता येणार नसेल तर पॉइंटांसाठी कार्ड वापरणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे. यात मधला मार्ग नाही.

खोलीला किती पॉइंट लागतात हे ठरवण्याच्या रीती योजनेगणिक वेगळ्या आहेत. पूर्वी प्रत्येक हॉटेल एका श्रेणीत असे आणि श्रेणीनुसार पॉइंटांचा तक्ता छापलेला असे. हिल्टनने २०१७ मध्ये आणि मॅरियटने २०२२ मध्ये तक्ता सोडून दिला. तेव्हापासून त्यांचे पॉइंट-दर मागणीप्रमाणे रोज हलतात. हयातने श्रेणींचा तक्ता ठेवला आहे. अकॉरमध्ये खोलीचा वेगळा पॉइंट-दर जवळजवळ नाहीच, तेथे २,००० पॉइंट म्हणजे बिलात ४० युरोंची सूट. न्यूकॉइनप्रमाणेच याही पद्धतीत चतुराईला वाव कमी, पण फसगतीलाही कमी.

पॉइंटाचा खरा भाव काढण्याची कृती सोपी आहे. त्याच खोलीचे त्याच तारखांचे रोख भाडे करासह घ्यावे आणि लागणाऱ्या पॉइंटांनी भागावे. दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे कर धरणे महत्त्वाचे. समजा, डिसेंबरात गोव्यातील एका खोलीचे भाडे १६,००० रुपये आहे. करासह ते १८,८८० रुपये होते. तीच खोली ३२,००० पॉइंटांना मिळत असेल तर पॉइंटाचा भाव ५९ पैसे पडला. पावसाळ्यात तेच भाडे ९,००० रुपयांवर, म्हणजे करासह १०,६२० रुपयांवर उतरले आणि पॉइंट २५,००० लागत असतील, तर भाव ४२ पैशांवर येतो. दुसऱ्या वेळी रोख पैसे द्यावेत आणि पॉइंट राखून ठेवावेत हे उघड आहे. रोख मुक्कामावर नवे पॉइंटही मिळतात, पॉइंटांवरील रात्रीवर बहुधा मिळत नाहीत. काटेकोर हिशेबात तेही वजा करावे. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर चार रात्रींचेच पॉइंट लागतात, त्यामुळे लांबलेला मुक्काम तुलनेने स्वस्त पडतो.

पॉइंटांवरील खोली मोफत असली तरी मुक्काम मोफत नसतो. न्याहारी भाड्यात धरलेली नसेल तर तिचे वेगळे पैसे पडतात, आणि रिसॉर्ट गावापासून दूर असल्याने जेवणही तेथेच घ्यावे लागते. खोली सहसा दोन प्रौढांची असते. आजीआजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुले असे कुटुंब निघाले की तीन खोल्या लागतात आणि वर्षानुवर्षांचा साठा दोन रात्रींत संपतो. गोव्यातील अनेक रिसॉर्टमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्रीचे भोजन सक्तीचे असते. त्याचे बिल पॉइंटांवर राहणाऱ्यालाही भरावे लागते. आरक्षणापूर्वी हे सारे हॉटेलला फोन करून विचारून घेणे चांगले.

खोली मिळते की नाही, हा यापुढचा प्रश्न. बहुतेक मोठी रिसॉर्टे साखळीच्या मालकीची नसतात. मालक वेगळा असतो आणि साखळी नाव व व्यवस्थापन पुरवते. पाहुणा पॉइंटांवर राहिला की साखळी मालकाला मोबदला देते. हॉटेल रिकामे असताना हा मोबदला तुटपुंजा असतो आणि जवळजवळ भरलेले असताना प्रत्यक्ष भाड्याच्या जवळ जातो. साध्या श्रेणीच्या खोल्या पॉइंटांवर द्याव्यात असे करार असले तरी ‘साध्या’ खोल्या किती, हे ठरवणे बरेचसे हॉटेलच्या हाती असते. दिवाळी, नाताळ आणि शाळांची मे महिन्याची सुटी या काळात त्या लवकर संपतात. आरक्षण सुमारे वर्षभर आधी खुले होते आणि ठरावीक मुदतीत रद्द केल्यास पॉइंट परत मिळतात, म्हणून तारखा नक्की नसतानाही आधी खोली धरून ठेवणे शहाणपणाचे. बँकेतून हॉटेलकडे वळवलेले पॉइंट मात्र परत फिरत नाहीत. खोली उपलब्ध आहे हे पाहिल्याखेरीज ते कधीही वळवू नयेत.

मालक आणि साखळी वेगळी असल्याने एकाच इमारतीवर चालणारे पॉइंटही बदलतात. दक्षिण गोव्यात आरोशीच्या किनाऱ्यावरील पार्क हयात हे त्याचे ठळक उदाहरण. २०१५ च्या लिलावात ते आयटीसीने घेतले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१८ मध्ये त्याचे ‘आयटीसी ग्रँड गोवा’ झाले. हयातचे पॉइंट तेथे निरुपयोगी ठरले. मोबोरचे लीला पुढे मॅरियटच्या ‘सेंट रेजिस’ नावाखाली गेले, म्हणजे तेथे नव्याने पॉइंट चालू लागले. उद्या एखाद्या आवडत्या रिसॉर्टवर जाऊ म्हणून पॉइंट साठवणाऱ्याला ही जोखीम असते. भाव घटण्याची जोखीम तर कायमचीच. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर पाच पॉइंटांमागे चारऐवजी दोनच हॉटेल-पॉइंट मिळू लागले आणि साठवून ठेवणाऱ्यांची शिल्लक एका रात्रीत निम्म्यावर आली. पॉइंटांवर व्याज मिळत नाही. पुरेसे झाले की वापरून टाकावेत. मॅरियट, हिल्टन आणि हयातमध्ये खाते २४ महिने निष्क्रिय राहिले तर त्यातील पॉइंट बाद होतात.

जुन्नर-आंबेगावच्या रहिवाशाला पॉइंट वापरण्याची जवळची ठिकाणे म्हणजे चाकण औद्योगिक वसाहतीतील कोर्टयार्ड बाय मॅरियट आणि पुणे शहरातील जेडब्ल्यू मॅरियट, कॉनरॅड, हयात रीजन्सी यांसारखी हॉटेले. ती कामाची हॉटेले आहेत. रिसॉर्ट म्हणावे असे ठिकाण हवे तर महाबळेश्वरचे ली मेरिडियन किंवा थेट गोवा. गोव्यात ताज फोर्ट अग्वादा १९७४ पासून आहे. तेथे न्यूकॉइन चालतात. बांबोळीचे ग्रँड हयात, माजोर्ड्याचे अलिला दिवा (हेही हयातकडेच) आणि वागातोरचे डब्ल्यू (मॅरियट) ही पॉइंटवाल्यांची नेहमीची ठिकाणे. द्राक्षाची तोडणी आणि उन्हाळी टोमॅटोची लागवड सांभाळणाऱ्या नारायणगावच्या घराला जानेवारी ते एप्रिल बाहेर पडणे अवघड, आणि पावसाळ्यात गोव्याचे रोख भाडेच उतरलेले असते. त्यामुळे नोकरदाराइतका पॉइंटांचा फायदा शेतकरी कुटुंबाला सहसा होत नाही.

हॉलिडे क्लबची सदस्यता ही वेगळी गोष्ट असून तिची गल्लत वारंवार होते. महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये स्थापन झाली; तिच्या क्लब महिंद्रा योजनेत सदस्य मोठी रक्कम भरून पुढील अनेक वर्षे दरवर्षी ठरावीक रात्रींचा हक्क विकत घेतो. यातल्या रात्री विकतच्या असतात आणि त्यांवर वार्षिक देखभाल शुल्कही लागते. मॉलमध्ये भेटकूपन देऊन सादरीकरणाला बोलावणाऱ्या कोणत्याही क्लबबाबत, त्याच दिवशी सही करण्याचा आग्रह झाला तर उठून यावे. ‘तुमचे पॉइंट आज संपत आहेत’ असा संदेश पाठवून लिंक उघडायला किंवा ॲप उतरवायला लावणारे भामटेही ग्रामीण भागात पोचले आहेत. बँक ओटीपी मागत नाही. पॉइंट पाहायचे तर बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्येच पाहावेत.

या तालुक्यांतील मुक्कामाची व्यवस्था वेगळ्याच पायावर उभी आहे. २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला आणि २०२० मध्ये महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण आले. राजुरीचे पराशर कृषी पर्यटन केंद्र, माळशेजच्या माथ्यावरील पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान, डिंभे धरण व भीमाशंकरच्या वाटेवरील घरगुती राहण्याच्या सोयी यांत पाहुणा शेतात फिरतो, पिठले-भाकरी, मासवडी खातो आणि घरमालकाशी बोलत बसतो. एकेकटे केंद्र लहान असल्याने जगभर चालणारे पॉइंट देणे त्याला परवडणारे नाही, आणि पुन्हा येणाऱ्या पाहुण्याला तेथे ओळखीनेच सवलत मिळते. या ठिकाणी पॉइंट खर्च होत नसले तरी कमावता येतात. केंद्राकडे व्यापारी खात्याचा क्यूआर कोड असेल तर रुपे क्रेडिट कार्डाने यूपीआयवर पैसे देता येतात. वैयक्तिक बचत खात्याच्या कोडवर क्रेडिट कार्ड चालत नाही. मोठ्या रकमेवर व्यापाऱ्याला शुल्क बसते, लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर ते माफ असते. म्हणून मोठे बिल कार्डाने देण्यापूर्वी केंद्रचालकाला विचारावे, आणि त्याने रोख किंवा बँक खात्यातून थेट मागितले तर तसे द्यावे.