आयुष्मान कार्ड की मेडिक्लेम? उत्तर द्यायच्या आधी थोडा इतिहास

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात कुणी साठीच्या पुढचं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

सध्या साक्री, दहिवेल, पिंपळनेर, निजामपूर, कुठंही जा, म्हाताऱ्या माणसांच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. "कार्ड भेटनं, आते मेडिक्लेम बंद करी टाकू का?" हप्ता दरवर्षी वाढतोय, सरकारनं पाच लाखांचं कार्ड फुकट दिलंय, मग कंपनीला पैसे कशाला भरायचे? प्रश्न रास्त आहे. त्यावर विमा एजंट लोकांचं एक ठरलेलं उत्तर असतं: "काका, पहिले पाच लाख सरकारचे, त्याच्या वरचं आपलं सुपर टॉप-अप. स्वस्तात काम." ऐकायला हे इतकं सरळ वाटतं की माणूस सही करून मोकळा होतो.

माझं म्हणणं असं की हे गणित कागदावर जुळतं, दवाखान्यात जुळत नाही. का जुळत नाही, ते समजायला ही दोन कार्डं आली कुठून ते बघावं लागतं.

आधी मेडिक्लेम. १९७३ साली देशातला सर्वसाधारण विमा सरकारनं ताब्यात घेतला आणि चार सरकारी कंपन्या उरल्या: न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. या कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणलं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पानं आयकर कायद्यात ८० डी कलम घातलं, म्हणजे हप्ता भरा आणि करात सूट घ्या. इथंच ही पॉलिसी कुणासाठी होती ते कळतं. ज्याला आयकर भरायचा आहे त्याच्यासाठी. बँकवाले, प्राध्यापक, व्यापारी, डॉक्टर. कांदा-बाजरी पिकवणाऱ्याला ८० डी चं काय करायचं? शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही. शिवाय तेव्हाचं मेडिक्लेम म्हणजे आधी खिशातून बिल भरा, मग कागद जोडून पाठवा, मग वाट बघा. कॅशलेस हा शब्द २००१ नंतर टीपीए नावाच्या मधल्या कंपन्या आल्यावर रुळला. गरिबांसाठी म्हणून १९९६ मध्ये 'जन आरोग्य विमा' काढला होता, वर्षाला पाच हजारांचं संरक्षण. २००३ मध्ये दिवसाला एक रुपया हप्त्याची आणखी एक योजना आली. खेड्यात या दोन्हींचं नाव आज कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

सरकारी बाजू वेगळ्याच वाटेनं आली. महाराष्ट्रात १९९७ मध्ये युती सरकारच्या काळात 'जीवनदायी आरोग्य योजना' सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी, आणि तीही हृदय, मूत्रपिंड, मेंदू-मणक्याच्या अशा ठराविक मोठ्या आजारांसाठी. हा विमा नव्हता, ही मदत होती. फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग आंध्रात २००७ ला 'आरोग्यश्री' आली आणि तिचा गवगवा झाला. त्याच धर्तीवर महाराष्ट्रानं 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' काढली. २ जुलै २०१२ ला ती सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात फक्त आठ जिल्हे होते: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, रायगड, मुंबई, मुंबई उपनगर आणि आपलं धुळे. एरवी धुळ्याचं नाव यादीच्या शेवटी असतं, कधी कधी यादीतच नसतं. या वेळी आपण पहिल्यांत होतो. जळगाव-नंदुरबारकरांना नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा ती राज्यभर झाली.

त्या योजनेची रचना नीट बघा, कारण आजचं कार्ड त्याच साच्यातून निघालंय. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत. कुटुंबाला मिळून वर्षाला दीड लाख. साडेनऊशेहून जास्त उपचारांची यादी आणि प्रत्येकाचा ठरलेला दर. ठरलेली रुग्णालयं. दारात आरोग्यमित्र. सरकारनं नॅशनल इन्शुरन्स कंपनीला एका कुटुंबामागे ३३३ रुपये हप्ता भरला. रुग्णाकडून एक रुपया घ्यायचा नाही. म्हणजे यात 'बिल' नावाची गोष्टच नाही. यादीतला उपचार आहे का? यादीतलं रुग्णालय आहे का? दोन्ही 'हो' असेल तर सगळं फुकट. एक जरी 'नाही' आलं तर कार्ड खिशात.

पुढं नावं बदलली. १ एप्रिल २०१७ पासून ती 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना' झाली. सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली आणि नंतर दोन्ही एकत्र जोडल्या गेल्या. २०१२ चे दीड लाख मात्र राज्याच्या योजनेत बारा वर्षं दीड लाखच राहिले. या काळात दवाखान्याचा खर्च कुठून कुठं गेला हे ज्याच्या घरात ॲन्जिओप्लास्टी झाली त्याला विचारा.

आणि पांढरं रेशनकार्ड? मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डच्या शेतकऱ्यांना योजनेत घेतलं गेलं. त्यात धुळे नव्हतं. साक्री तालुक्याचा पाण्याचा इतिहास माहीत असलेल्या कुणालाही हे खटकेल, पण यादी ती यादी. कोविडमध्ये, २०२० ला, सगळ्यांना तात्पुरतं आत घेतलं. शासन निर्णय २०२३ च्या जुलैत झाला आणि १ जुलै २०२४ पासून प्रत्येक कुटुंबाला पाच लाख, रेशनकार्डचा रंग कोणताही असो. त्यानंतर २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. उत्पन्नाची अट नाही, वय आधारवरून धरतात. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर सत्तरीपुढच्यांना स्वतःचे वेगळे पाच लाख. घरात आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून.

म्हणजे पंचवीस-सत्तावीस वर्षांत सरकारी दार पिवळ्या कार्डापासून सगळ्यांपर्यंत उघडत गेलं. ही छोटी गोष्ट नाही. ज्यांना वाटतं सरकारी योजनेत काही दम नाही त्यांनी धुळ्याच्या हिरे मेडिकलमध्ये आरोग्यमित्राच्या टेबलासमोर तासभर उभं राहून यावं.

आता एजंटच्या गणिताकडे येऊ.

'सरकारी संरक्षण आणि वरून पुरवणी' ही कल्पना अमेरिकेत चालते. तिथं १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. ६५ वर्षांपुढच्यांना सरकारी विमा. पण डॉक्टरच्या बिलाचा साधारण पाचवा हिस्सा रुग्णावर राहतो. तो भरायला लोक खासगी पुरवणी पॉलिसी घेतात, तिला तिकडे मेडिगॅप म्हणतात. नावातच आहे, मधली फट बुजवायची. बिल एकच, दवाखाना एकच. सरकार आपला वाटा देतं, उरलेला कंपनी देते. दुसरा रस्ता म्हणजे सगळंच खासगी कंपनीच्या प्लॅनमध्ये न्यायचं. हप्ता कमी, चष्मा-दातांची आमिषं, पण रुग्णालयांची यादी कंपनीची आणि मोठ्या उपचाराला आधी तिची परवानगी. आज तिथले निम्म्याहून जास्त म्हातारे या दुसऱ्या रस्त्यावर आहेत. पोरं अमेरिकेत असलेल्या आपल्याकडच्या आईबापांना हा घोळ ऐकून माहीत असतो. तिथला एक नियम आपल्यालाही शिकण्यासारखा: ६५ व्या वर्षी पहिल्या सहा महिन्यांत पुरवणी घेतली तर कंपनी तब्येत विचारू शकत नाही. ती वेळ चुकवून नंतर परत यायचं म्हटलं की बहुतेक राज्यांत कंपनी तब्येत बघून नाही म्हणू शकते.

आपल्याकडे सरकारी कार्ड आणि खासगी पॉलिसी एकाच बिलावर सहसा चालत नाहीत. कारण वर सांगितलं तेच. सरकारी योजना मदतीच्या पोटी जन्मली: यादी, ठरलेला दर, बिल नाही. मेडिक्लेम करदात्याच्या पोटी जन्मलं: बिल आणा, पैसे घ्या. दोघांची गाठ कुणी घातलीच नाही.

उदाहरणानं सांगतो. समजा वडिलांना साक्रीहून धुळ्याला किंवा सटाण्यावरून नाशिकला नेलं. रुग्णालय योजनेत आहे, उपचार यादीत आहे. कार्ड चाललं, बिल शून्य. सुपर टॉप-अपचा काही उपयोग झाला नाही, हरकत नाही. आता समजा रात्री नेलं, जवळचं जे हार्टचं हॉस्पिटल मिळालं ते योजनेत नाही. कार्ड चाललं नाही. बिल झालं चार लाख. सुपर टॉप-अप पाच लाखांच्या वर सुरू होतं. मग चार लाख कुणी भरायचे? तुम्ही. "पहिले पाच लाख सरकारचे" हे वाक्य त्या काउंटरवर कुणी मानत नाही. ती फट सरकार आणि कंपनीच्या मधली, आणि त्या फटीत आपलं शेत पडतं.

म्हणून कार्ड निघालं म्हणून जुनी पॉलिसी सोडू नका. खास करून पाच वर्षांहून जुनी असेल तर. २०२४ पासूनच्या विमा नियामकाच्या नियमानं सलग पाच वर्षं झाली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, 'आजार लपवला' म्हणून कंपनी दावा अडवू शकत नाही. आधी ही मुदत आठ वर्षं होती. जुन्या आजारांची थांबायची मुदतही तुम्ही भोगून बसलेला आहात. पॉलिसी सोडली की हे सगळं शून्यावर. परत घ्यायला गेलात तर पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबा, आणि वय बहात्तर, साखर, बीपी लिहिलं की कंपनी हप्ता सांगेल तो सांगेल. हप्ता झेपत नसेल तर विमा रक्कम कमी करा, दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा, पण धागा तोडू नका. दोन गोष्टी बऱ्या झाल्यात: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, म्हणजे दहा हजारांच्या हप्त्यावरचे अठराशे वाचले. आणि जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं.

ज्यांच्याकडे कधीच पॉलिसी नव्हती आणि सत्तरी ओलांडली, त्यांना मी नवीन मेडिक्लेमच्या मागे लागा म्हणणार नाही. वय वंदना कार्ड काढा आणि वर्षाच्या हप्त्याइतके पैसे बँकेत बाजूला टाका. बरेच ज्येष्ठांचे प्लॅन बिलाचा वीस टक्के वाटा तुमच्यावरच ठेवतात, ते वाचल्याशिवाय सही करू नका. पंचावन्न-साठचे आहात आणि तब्येत ठणठणीत आहे? मग हीच वेळ आहे, तीन-पाच लाखांची मूळ पॉलिसी आत्ता घ्या. टॉप-अप त्याच्यावर चढवा, सरकारी कार्डावर नाही.

निवृत्त फौजी दादांना वेगळं सांगतो, आपल्या खेड्यांत ते कमी नाहीत. तुमच्याकडे ईसीएचएस आहे. खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआयसी असलेल्यांना वय वंदना कार्ड सोबत ठेवता येतं, पण ईसीएचएस आणि केंद्र सरकारच्या सीजीएचएसवाल्यांना दोहोंतलं एकच निवडायचं आहे, आणि ते एकदाच. ईसीएचएसमध्ये खर्चाला पाच लाखांची मर्यादा नाही, रोजची औषधंही मिळतात. आयुष्मानमध्ये भरती झाल्याशिवाय काही नाही. कॅम्पमध्ये कुणी घाईघाईनं अंगठा घेत असेल तर हात मागे घ्या.

राहिली सुरतची गोष्ट. कोंडाईबारी घाट उतरून नवापूरमार्गे आपली निम्मी माणसं तिकडेच जातात, पोरंही तिकडेच कामाला. सत्तरीपुढचं कार्ड केंद्राच्या योजनेचं आहे, ते दुसऱ्या राज्यातल्या आयुष्मानच्या रुग्णालयांतही चालतं. पण घरातल्या पन्नाशीच्या माणसाचं कार्ड फक्त राज्याच्या योजनेतलं असेल तर सुरतेत ते चालेलच असं धरून निघू नका. निघायच्या आधी १४५५५ ला किंवा राज्याच्या १५५३८८ ला फोन लावा आणि तीन गोष्टी विचारा: हे रुग्णालय यादीत आहे का, हा उपचार तिथं योजनेतून होतो का, की तो सरकारी रुग्णालयासाठी राखीव आहे. काही उपचार तसे राखीव आहेत, आणि ते खासगीच्या दारात गेल्यावर कळतं. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या, दोन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना तेवढं आजच बघून ठेवा.