सुरत आणि ऊमरा : दोन विशेषणांची कुळकथा

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘सुरत’ हे विशेषण ‘भेसळीचा, हलक्या प्रतीचा’ या अर्थाने वापरले जाई. ते मुळात सुरत बंदराचे नाव. पश्चिम हिंदुस्थानातला कापूस पूर्वी त्या बंदरातून बाहेर जाई, म्हणून लिव्हरपूलच्या बाजारात तो सरसकट ‘सुरत’ ठरला. पुढे व्यापार मुंबईकडे गेला तरी नाव टिकले आणि वऱ्हाडचा कापूसही त्याखाली विकला जाऊ लागला.

नावाला बट्टा लागला तो अमेरिकेतल्या यादवी युद्धात. 1861 पासून तिकडची रुई बंद झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी मालावर भागवावे लागले. हा कापूस आखूड धाग्याचा. गिरण्यांची यंत्रे लांब धाग्याच्या अमेरिकन रुईसाठी बेतलेली असल्याने सूत सारखे तुटे. त्यातच वजन वाढवण्यासाठी रुईवर पाणी मारलेले असे, गाठीत माती आणि सरकी निघे. कामाच्या प्रमाणात मजुरी मिळणाऱ्या कामगारांची कमाई घटली आणि ‘सुरत’ ही शिवी झाली. 1863 मध्ये लँकेशायरमधल्या बिअर बनवणाऱ्या एका पेढीने आपल्या मालाला ‘सुरत’ म्हटल्याबद्दल कोर्टात दावा लावला. कापसाशी संबंध नसलेल्या वस्तूलाही हे विशेषण लागत होते, याचा हा पुरावा. भेसळीला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारने त्याच वर्षी कापूस-भेसळविरोधी कायदा केला.

वऱ्हाडच्या मालाला स्वतंत्र ओळख मिळाली ती ‘ऊमरा’ या नावाने. जुन्या इंग्रजी कागदांत अमरावतीचा उच्चार ‘ऊमरावती’ असा लिहिलेला आढळतो. त्याचेच हे आखूड रूप. रेल्वेपूर्वी या मुलखातली रुई बैलांच्या पाठीवर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला, 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला आणि गाठी थेट मुंबईला जाऊ लागल्या. सातपुडा आणि पूर्णा यांच्या मधल्या तेल्हारा-अकोट पट्ट्याची काळी जमीनही याच कापसाची.

‘ऊमरा’ला शिवीचा अर्थ कधी चिकटला नाही. ते प्रत आणि मुलूख सांगणारे बाजारी विशेषण राहिले. पुढे त्याचा पैस वाढून खानदेशचा कापूसही त्यात मोडू लागला. 1921 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनच्या वायदे बाजारात भडोच, बंगाल यांच्या जोडीने ऊमराचा स्वतंत्र सौदा होई. या आखूड धाग्याच्या मालाचे मोठे गिऱ्हाईक तेव्हा जपान होते.

दुसऱ्या महायुद्धात जपानची खरेदी थांबली. स्वातंत्र्यानंतर लांब धाग्याच्या अमेरिकन आणि पुढे संकरित वाणांनी वऱ्हाडातल्या देशी कापसाची जागा घेतली. माल गेला तसे त्याचे विशेषणही सौद्यांतून गेले. ‘सुरत’चा तो अर्थ आज जुन्या इंग्रजी बोलीकोशांत सापडतो, तर ‘ऊमरा’ कापूस व्यापाराच्या इतिहासात.